मुंबईतली ख्रिस्ती प्राथमिक शाळा: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

प्रवेशाचे दिवस आले की शाळेच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर पालकांची रांग लागते आणि तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. काही अभ्यासाबद्दल असतात, काही धर्माबद्दल. काही प्रश्न मोठ्याने विचारायला लोक संकोचतात. मी स्वतः मराठी ख्रिस्ती आहे आणि मुंबईतल्या एका मिशन शाळेत लहान वर्गांना शिकवत आले आहे. इथली उत्तरं त्या अनुभवातून आणि नियमांच्या माहितीतून दिली आहेत. प्रत्येक शाळेची पद्धत थोडी वेगळी असते, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या शाळेच्या ऑफिसचा.

आम्ही ख्रिस्ती नाही. आमच्या मुलाला तिथे परकं वाटेल का?

नाही वाटणार. मुंबईतल्या बहुतेक ख्रिस्ती शाळांमध्ये ख्रिस्ती मुलंच कमी असतात. माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर कोळीवाड्यातली मुलं आहेत, चाळीतली आहेत, उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबांतली आहेत, मुस्लिम मोहल्ल्यातली आहेत. आठवडाभरात कोण कोणाच्या डब्यातलं खातं यावरून मैत्र्या ठरतात, आडनावावरून नाही.

ही शाळांची जुनी रीतच आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्या मिशनने पुढे इथे ज्या मराठी शाळा काढल्या, त्यांत शिकणारी मुलं बहुतेक हिंदू घरांतलीच होती. १८२७ मध्ये आलेल्या सिंथिया फरार आणि १८२९ मध्ये आलेल्या मार्गारेट विल्सन यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. मुलीला शिकवायचं ही कल्पनाच तेव्हा घराघरांत नको वाटायची. दारोदार जाऊन मुली गोळा कराव्या लागत. आज बाहेर रांग लागते ती त्या कष्टांवर उभी आहे, हे मला नव्या शिक्षिकांना नेहमी सांगावंसं वाटतं.

प्रार्थना आणि बायबल सक्तीचं असतं का? मुलाचा धर्म बदलतील का?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. मोकळेपणाने विचारावा, आणि शाळेनेही तो मनाला लावून न घेता उत्तर द्यावं. आईबापांना आपल्या मुलाबद्दल काळजी वाटणं साहजिक आहे.

आधी कायदा. संविधानाच्या कलम ३० प्रमाणे अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. त्याच संविधानाचं कलम २८ सांगतं की, सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत कोणालाही धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसायला भाग पाडता येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत पालकांची संमती लागते. म्हणजे शाळेचा हक्क आणि तुमचा हक्क, दोन्ही एकाच ग्रंथात लिहिलेले आहेत.

प्रत्यक्षात काय होतं? सकाळच्या परिपाठात एक प्रार्थना असते. मराठी शाळांत बहुधा ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ किंवा एखादं भक्तिगीत म्हटलं जातं. मग राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, सुविचार आणि बातम्या. कॅथलिक शाळांत आठवड्यातून एकदोन तास असे असतात की, त्या वेळी कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला जातात आणि बाकीची मुलं मूल्यशिक्षणाला बसतात. तिसरी-चौथीच्या सुमाराला कॅथलिक मुलांचं प्रथम ख्रिस्तप्रसाद ग्रहण, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याचा विधी, असतो. त्याची तयारी मात्र चर्चमध्ये होते, वर्गात नाही. प्रोटेस्टंट शाळांत मूल्यशिक्षणाच्या तासाला बायबलमधल्या गोष्टी सांगतात. रस्त्यात जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या दयाळू शोमरोन्याची गोष्ट ऐकून एका मुलाने विचारलं होतं, ‘‘बाई, रस्त्यात पडलेल्या माणसाला आपण उचललं तर पोलीस आपल्यालाच धरतील ना?’’ मग उरलेला तास अपघात झाला तर कोणाला बोलवायचं, १०८ ला फोन कसा करायचा, यावर गेला. मूल्यशिक्षण म्हणतात ते बहुतेक वेळा असंच चालतं.

तुम्हाला प्रार्थना नको असेल तर तसं लेखी कळवा. मूल त्या वेळी हात न जोडता शांत उभं राहू शकतं. त्यावरून कोणी त्याला टोकलं तर थेट मुख्याध्यापिकांकडे जा.

कॉन्व्हेंट, मिशन शाळा, चर्चची शाळा: यांत फरक काय?

बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. सिस्टर लोकांच्या संस्था चालवतात ती कॉन्व्हेंट. चर्चच्या आवारात फादरांच्या देखरेखीखाली चालते ती पॅरिश शाळा, आणि ती सहसा मुंबईच्या आर्चडायोसीसच्या, म्हणजे कॅथलिक धर्मप्रांताच्या, शिक्षण मंडळाखाली असते. जुन्या अमेरिकन, स्कॉटिश, अँग्लिकन मिशनांच्या शाळांपैकी बऱ्याच आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाशी जोडलेल्या आहेत. अनेक पंथांची चर्चेस एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात हे संयुक्त चर्च स्थापन झालं. मेथोडिस्टांच्या शाळा वेगळ्या. शिवाय कोणत्याही चर्चशी नातं नसताना नावापुढे ‘सेंट’ लावणाऱ्या शाळाही गल्लोगल्ली आहेत. तेव्हा नावावर जाऊ नका, संस्था कोण चालवते ते विचारा.

तुमच्या खिशाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा फरक अनुदानित आणि विनाअनुदानित हा आहे. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकार देतं, फी नाममात्र असते आणि पोषण आहार मिळतो. विनाअनुदानित शाळेचा सगळा खर्च फीमधून निघतो. एकाच आवारात, एकाच नावाखाली दोन्ही असू शकतात.

प्रवेशासाठी काय काय लागतं? पंचवीस टक्के आरक्षण असतं का?

जन्मदाखला, आधार, पत्त्याचा पुरावा, लसीकरणाचं कार्ड, फोटो. ख्रिस्ती कुटुंबांकडून बाप्तिस्म्याचा दाखला आणि पाळकांचं किंवा फादरांचं पत्र मागतात. पहिलीसाठी मुलाला त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत, नर्सरीसाठी तीन.

शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) पंचवीस टक्के जागा अल्पसंख्याक शाळांत नसतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा कायदा अल्पसंख्याक संस्थांना लागू नाही असा निकाल दिला होता. २०२५ मध्ये दुसऱ्या एका पीठाने त्या निकालाचा फेरविचार मोठ्या पीठाने करावा असं म्हटलं आहे. तोवर अनेक शाळा गरीब घरांसाठी स्वतःहून फी माफ करतात, पण ती मागावी लागते. मागायला लाजू नका.

डोनेशनच्या नावाखाली पावतीशिवाय पैसे मागणाऱ्या माणसाला मात्र दारातूनच परत पाठवा, मग तो कोणाचंही नाव सांगो.

पहिलीच्या आधी घरी लिहायला-वाचायला शिकवून पाठवू का?

नको. पाच वर्षांच्या मुलाची बोटं पेन्सिल धरायला पुरती तयार झालेली नसतात. त्याला कणीक मळू द्या, शेंगा सोलू द्या, कात्रीने कागद कापू द्या, बटणं लावू द्या. पहिलीच्या पहिल्या महिन्यात सगळ्यात पुढे असतात ती स्वतःची चप्पल स्वतः घालणारी, ‘‘बाई, मला हे कळलं नाही’’ म्हणू शकणारी आणि गोष्ट शेवटपर्यंत ऐकणारी मुलं.

हातांनी काम करत शिकायची ही पद्धत मुंबईला नवी नाही. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत असताना फिलाडेल्फियात जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलच्या बालवाडी पद्धतीचं शिक्षण घेतलं होतं. १८८९ मध्ये त्यांनी चौपाटीजवळ विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं तेव्हा ते ज्ञान त्या सोबत घेऊन आल्या. आज शैक्षणिक धोरण वय तीन ते आठ हा एकच पायाभूत स्तर मानतं आणि खेळातून शिकवा म्हणतं. आपल्याच एका बाईला ते इतक्या आधी कळलं होतं, याचा मला फार अभिमान वाटतो.

घरी मराठी, शाळेत इंग्रजी. आता आम्ही घरीही इंग्रजी बोलावं का?

कृपा करून असं करू नका. मोडकंतोडकं इंग्रजी ऐकून मुलाचं इंग्रजी सुधारत नाही, उलट घरातलं बोलणंच आटतं. ‘‘कम, ईट, फिनिश’’ एवढ्यावर संसार चालतो, पण त्यात गप्पा होत नाहीत.

वर्गात काय घडतं ते सांगते. मराठी वाचताना मूल अक्षर ओळखलं की आवाज काढतं. ‘क’ सगळीकडे ‘क’च. इंग्रजीत तेच एक अक्षर ‘कॅट’मध्ये क होतं आणि ‘सिटी’मध्ये स होतं. मराठीत हुशार असलेलं मूल इथे अडखळतं आणि घरचे घाबरतात. पहिली-दुसरीत आम्ही अक्षरांच्या नावांवर नाही, आवाजांवर काम करतो. तीन आवाज जोडून एक शब्द, मग त्याच आवाजांचे दहा शब्द, मग त्या शब्दांची छोटी वाक्यं. काही शब्द नियमात बसतच नाहीत. ते भिंतीवर लावून रोज डोळ्यांखालून घालावे लागतात. हे सावकाश होतं. दुसरीच्या दिवाळीपर्यंत धीर धरा.

पण वाचता येणं म्हणजे समजणं नाही. एक मुलगी पूर्ण पान खडखडीत वाचायची. ‘‘काय झालं गोष्टीत?’’ विचारलं की गप्प. तिला म्हटलं, ‘‘मराठीत सांग.’’ तरी गप्प. म्हणजे अडचण इंग्रजीची नव्हती. गोष्ट मनात उभीच राहत नव्हती. तिच्या आजीला आम्ही एकच काम दिलं: रोज झोपताना एक गोष्ट मराठीत सांगायची आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट नातीकडून ऐकायची. वर्षाअखेरीस ती मुलगी इंग्रजी धड्याच्या शेवटी स्वतः प्रश्न विचारायला लागली. घरची भाषा पक्की असली की दुसरी भाषा तिच्या आधाराने उभी राहते. म्हणून घरी मराठीत वाचा, मराठीत भांडा, मराठीत हिशेब करा.

शाळा कोणत्याही बोर्डाची असो, महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने मराठी विषय शिकवणं बंधनकारक आहे. पहिलीपासून हिंदीबद्दलचे २०२५ मधले आदेश सरकारने मागे घेतले.

आणि एक मनापासून सांगते: जवळपास चांगली मराठी माध्यमाची मिशन शाळा असेल तर ती एकदा आत जाऊन बघा. या शाळांचे वर्ग ओस पडत चाललेत ते शिकवणं वाईट आहे म्हणून नाही. शेजारच्यांनी इंग्रजी शाळा घेतली म्हणून लोक तिकडे वळतात. वर्गात तीस मुलं आणि ओळखीची भाषा, याहून चांगली सुरुवात कोणती असणार?

गणितात मूल मागे पडतंय. क्लास लावू का?

आधी त्याची वही उघडून चूक कुठे होते ते पाहा. दुसरीतली सर्रास होणारी एक चूक सांगते. बेचाळीसमधून सतरा वजा करा म्हटलं की मूल लिहितं पस्तीस. चारातून एक गेला तीन, आणि दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले, पाच. मुलाने डोकं वापरलंय, पण दशक म्हणजे काय ते त्याला दिसलेलं नाही.

अशा वेळी मी फळ्यावर काही लिहीत नाही. आइस्क्रीमच्या काड्या देते. दहा-दहाच्या चार जुड्या रबरबँड लावून आणि दोन सुट्या. ‘‘यातल्या सतरा मला दे.’’ मूल एक जुडी देतं, दोन सुट्या देतं आणि थांबतं. पाच अजून द्यायच्या आहेत, सुट्या संपल्या. जुड्यांकडे बघतं, माझ्याकडे बघतं, आणि मग आपणहून रबरबँड काढतं. उरलेल्या काड्या मोजतं: पंचवीस. ज्या दिवशी मुलाने स्वतः ते रबर काढलं, त्या दिवशी हातचा त्याला कायमचा कळतो. क्लासमध्ये त्याच पद्धतीची पन्नास गणितं करून घेतली तर चूकच पक्की होते. काड्या घरीही मिळतात.

परीक्षा असतात का? प्रगतीपुस्तकात मार्क का नसतात?

राज्य मंडळाच्या शाळांत लहान वर्गांना आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटचं) असं मूल्यमापन असतं, श्रेणी मिळते आणि सोबत शिक्षिकेच्या वर्णनात्मक नोंदी असतात. पालक श्रेणी बघतात आणि नोंदी वाचतच नाहीत. माझी विनंती उलट आहे: आधी नोंद वाचा. ‘गटात काम करताना इतरांना मदत करते, लेखनात जोडाक्षरं चुकतात’ या एका ओळीत तुम्हाला सुट्टीत काय करायचं ते सगळं मिळतं. पाचवी आणि आठवीला मात्र महाराष्ट्रात वार्षिक परीक्षा आहे. त्यात नापास झाल्यास पुन्हा परीक्षा द्यायची संधी मिळते.

बाई म्हणतात, ‘‘तुमचं मूल लक्ष देत नाही.’’ आम्ही काय करावं?

या प्रश्नाला जास्त वेळ देते, कारण ख्रिस्ती शाळेची खरी परीक्षा इथे होते असं मी मानते. येशूने शंभर मेंढरं असलेल्या मेंढपाळाची गोष्ट सांगितली आहे. ती लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात आहे. एक हरवलं म्हणून तो नव्याण्णव सोडून त्याच्यामागे जातो. आमच्या शाळांच्या भिंतींवर हे चित्र हमखास असतं. वर्गातलं मागे राहिलेलं मूल हे ते शंभरावं मेंढरू आहे. शाळा त्याच्यामागे जाते का, एवढंच मी बघते. निकाल, स्टेज, गॅदरिंग हे सगळं त्यानंतर.

तिसरीत एक मुलगा होता. अक्षर मोत्यासारखं. फळ्यावरचं एकही अक्षर न चुकता वहीत उतरवायचा. दोन वर्षं सगळ्यांनी त्याला हुशार म्हटलं. एकदा वर्गशिक्षिकेने त्याला त्याच्याच वहीतलं वाचायला सांगितलं, तर त्याला एक ओळ वाचता येईना. तो बघून चित्र काढावं तशी अक्षरं काढत होता. पन्नासच्या वर मुलं असलेल्या वर्गात शांत, नीटनेटकं मूल असं सहज निसटून जातं. दंगा करणारा निदान दिसतो तरी.

मग काय केलं? आधी डोळे आणि कान तपासून घेतले. मग परिपाठाआधी रोज थोडा वेळ त्याला पहिलीचं पुस्तक घेऊन बसवलं, वर्गातल्या कोणाला दिसणार नाही अशा जागी, कारण तिसरीतल्या मुलालाही अब्रू असते. चौथीतला एक मुलगा त्याचा वाचनसोबती झाला. आईला सांगितलं, घरी अभ्यासावरून मारायचं नाही. एवढं करून काही महिन्यांनीही प्रगती नीट होईना, तेव्हा सायनच्या हॉस्पिटलमध्ये अध्ययन अक्षमतेची तपासणी करायला पाठवलं.

ही तपासणी मुंबईतल्या मोठ्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत होते. मूल साधारण आठ वर्षांचं झाल्यावर ती नीट करता येते. डिस्लेक्सिया निघाला तर प्रमाणपत्र मिळतं आणि परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था १९९६ पासून मुंबईत याच कामात आहे. अपॉइंटमेंटला वेळ लागतो, म्हणून शंका आली की लगेच नाव घाला. ‘आमच्या घरात असं कोणी नाही’ म्हणत वर्ष घालवू नका.

बाईंना तुम्ही विचारा: लक्ष देत नाही म्हणजे नेमकं कधी? सकाळी की जेवणानंतर? ऐकताना की लिहिताना? मागच्या बाकावर की पुढेही? या प्रश्नांची उत्तरं बाईंनी दिली पाहिजेत. देता आली नाहीत तर आठवड्याने पुन्हा भेट मागा. तोवर बाई बघून ठेवतील.

शिस्त कडक असते म्हणतात. मारतात का?

मारायचं नाही. हा नियम आहे आणि तो पाळला गेलाच पाहिजे. वर्गाबाहेर उन्हात उभं करणं, सगळ्यांसमोर अपमान करणं हेही त्यातच आलं. आमच्या पिढीने छड्या खाल्ल्या म्हणून त्या बरोबर होत नाहीत. शिस्त म्हणजे वेळेवर येणं, रांगेत थांबणं, दुसऱ्याची वस्तू विचारून घेणं. मुलाच्या अंगाला कोणी वाईट हेतूने हात लावल्याची शंका आली तर शाळेची वाट बघू नका. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर दिवसरात्र चालू असतो आणि पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना तक्रार घ्यावीच लागते. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. तिच्यावर कोण आहे ते विचारून ठेवा.

शिक्षिकांना काय म्हणायचं?

मराठी शाळेत ‘बाई’, इंग्रजी शाळेत ‘टीचर’ किंवा ‘मिस’, नन असतील तर ‘सिस्टर’. शिपाईमामा आणि सफाईच्या मावशी यांनाही नावानिशी नमस्कार करायला मुलाला शिकवा. मुलाचा डबा राहिला तर तेच धावतात.

डब्यात काय द्यावं?

पोळी-भाजी. अंडं किंवा मासे चालतात का ते शाळेला विचारा, नियम वेगवेगळे असतात. अनुदानित शाळेत पोषण आहार असतो, त्यात प्राथमिकच्या मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. ज्याला घरून डबा येतो त्यानेही पंगतीला बसून खिचडी खावी, म्हणजे डबा नसलेलं मूल एकटं पडत नाही.

नाताळ सोडून बाकीचे सण होतात का?

होतात. जूनमध्ये शाळा उघडते, मग आषाढीची दिंडी, रक्षाबंधन, स्वातंत्र्यदिन. गणपतीच्या सुट्टीनंतर मुलं प्रसादाचे मोदक घेऊन येतात आणि ईदनंतर शीरखुर्म्याचा डबा वर्गभर फिरतो. वांद्र्याच्या आसपासच्या शाळांत ८ सप्टेंबरच्या मोत माउलीच्या सणाची गडबड असते. पुढे आठवडाभर जत्रा चालते, तेव्हा रिक्षा मिळणार नाही हे धरूनच घरातून निघा. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ कॅथलिक लोकांच्या, वस्त्यांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, नव्या भाताची लोंबी चर्चमध्ये आणतात. मुंबईत शेती कुठे उरली, असं वाटत असेल तर मुलांना गोराई-मनोरीला घेऊन जा.

डिसेंबर मात्र खास. पुठ्ठा आणि सुकं गवत घेऊन वर्गावर्गात ख्रिस्तजन्माचा गोठा उभा राहतो. चांदण्या बांबूच्या काड्या आणि रंगीत कागद लावून करतात. आकाशकंदिलातून उरलेलं सामान मुलं घरून घेऊनच येतात. नाटिकेत मरिया कोण होणार यावरून रडारड होते आणि ती भूमिका बऱ्याचदा एखाद्या पाटील नाहीतर शेख मुलीला मिळते. मराठी शाळांत पेटी-तबल्यावर भजनं होतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ती उपासनेसाठी अभंग आणि ओव्यांच्या वळणाची पदं लिहिली. ती आजही चर्चमध्ये गातात. आमच्या शाळेत शिकलेल्या मुलाला ती पाठ असावीत असं मला फार वाटतं, कारण ख्रिस्ती म्हणजे परदेशी हा समज त्यांच्या एका कडव्याने जातो. फराळाच्या ताटात मराठी घरांतल्या करंज्या आणि शंकरपाळे, गोवेकरांच्या नेवऱ्या आणि कुलकुल, सगळं एकत्र.

चर्चचा शाळेशी रोजचा संबंध काय?

आवार एक असतं, माणसं ओळखीची असतात. कोणाच्या घरी मृत्यू झाला, कोणाची नोकरी गेली, हे पाळकांना आधी कळतं आणि मग गुपचूप फीची व्यवस्था होते. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मुलं खाऊचे पैसे डब्यात टाकतात आणि ते एखाद्या वृद्धाश्रमाला किंवा अनाथाश्रमाला जातात.

इथे माझं एक आग्रहाचं मत आहे. आठ वर्षांच्या मुलांना रांगेने आश्रमात नेऊन, बिस्किटाचा पुडा देताना फोटो काढून ग्रुपवर टाकणं थांबवावं. घेणाऱ्याला संकोच वाटतो आणि देणाऱ्याला सेवा म्हणजे फोटो असं वाटायला लागतं. त्यापेक्षा मुलांनी महिन्यातून एकदा जाऊन आजी-आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवावं. वाचनही सुधारतं.

पालक-शिक्षक संघात गेलं तर काही उपयोग होतो का?

होतो. महाराष्ट्राच्या २०११ च्या फी नियमन कायद्याने हा संघ असावाच लागतो. त्याच्या कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात, आणि फीवाढीचा प्रस्ताव या समितीसमोर यावा लागतो. चिठ्ठीसाठी नाव द्या. पण समितीत जायला जमलं नाही तरी शनिवारी ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालायला या, क्रीडादिनाला पाणी वाटायला या. वर्गशिक्षिका तुम्हाला तक्रारीशिवायही ओळखते हे मुलाच्या फार उपयोगी पडतं.

अल्पसंख्याक शिष्यवृत्ती मिळते का?

पहिली ते आठवीची केंद्राची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती २०२२ पासून बंद आहे. तेव्हा ती फक्त नववी-दहावीपुरती उरली. कोणी फॉर्म भरून देतो म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

पावसात काय?

सुट्टी जाहीर झाल्याची खात्री महापालिकेच्या किंवा शाळेच्या अधिकृत संदेशावरूनच करा, फॉरवर्डवर नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री शहरभर कितीतरी मुलं शाळांतच राहिली आणि शिक्षिका त्यांच्यासोबत राहिल्या. त्या रात्रीपासूनचा माझा नियम हा: लोकल बंद पडल्या तर धावत निघू नका, मूल शाळेत आहे म्हणजे सुखरूप आहे. मुलाच्या कॅलेंडरमध्ये, म्हणजे शाळेच्या डायरीत, जवळ राहणाऱ्या एका नातेवाइकाचा नंबर लिहून ठेवा. दप्तरात मोज्यांचा एक कोरडा जोड आणि प्लास्टिकची पिशवी असू द्या.

शाळा बघायला जाऊ तेव्हा काय बघावं?

मधल्या सुट्टीत जा. फरशा किती चकचकीत आहेत ते बघू नका. मुतारी स्वच्छ आहे का, पाण्याचे नळ मुलांच्या उंचीला आहेत का, ग्रंथालयातली पुस्तकं वापरून मऊ झालीत की कपाटाला कुलूप आहे, हे बघा. वर्ग पहिल्या मजल्याच्या वर असेल तर पाय दुखावलेल्या मुलासाठी काय करता ते विचारा. मुख्याध्यापिकांना एवढंच विचारा, ‘‘मागच्या वर्षी ज्यांना वाचता येत नव्हतं त्या मुलांसाठी तुम्ही काय केलंत?’’ उत्तरात योजनेचं नाव आलं तर आणखी विचारा. मुलांची हकिगत आली तर प्रवेश घ्या.

सकाळची शाळा किती वाजता?

फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरू नयेत. दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळांना हे अवघड जातं, म्हणून तुमच्या शाळेची वेळ प्रवेशाआधीच विचारा. वेळ काहीही असो, मुलाची झोप नऊ-दहा तास व्हायला हवी.

वर्षाच्या मध्ये घर बदललं, आता विरारला जायचंय. दाखला कधी घ्यावा?

जमलं तर एप्रिलपर्यंत थांबा. अगदीच शक्य नसेल तर आधी नव्या शाळेत जागा आहे याची खात्री करा, मग जुन्या शाळेत शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज द्या. दाखल्यावर नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि आईचं नाव तिथेच काउंटरवर वाचून घ्या, पुढे दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात. यूडायस आणि सरल या सरकारच्या ऑनलाइन नोंदणीवर मुलाची नोंद नव्या शाळेकडे गेली का, ते पंधरा दिवसांनी विचारा. प्रगतीपुस्तक आणि एक पूर्ण भरलेली वही सोबत न्या. वर्गशिक्षिकेकडून चार ओळींची चिठ्ठी मागा: मूल काय वाचू शकतं, कुठे अडतं, कोणाशेजारी बसलं की नीट शिकतं. कोणतीही बाई ती आनंदाने लिहून देईल.